घडीची बाजू

दिवस पहिला

भाची विमानतळावर घ्यायला आली होती. सामान डिकीत टाकता टाकताच तिनं पहिला धडा दिला. "मावशी, इथल्या नावांत डब्ल्यू आणि एच शेजारी आले की फ म्हणायचं. आपण जाणार ते गाव व्हाकाताने नाही, फाकाताने. चारचौघांत चुकलीस तर मी ओळख दाखवणार नाही."

ती पंधरा वर्षं ऑकलंडमध्ये नर्स आहे. मी प्रदर्शनं मांडते. काचेच्या पेट्या कुठे ठेवायच्या, उजेड कुठून पाडायचा, पाट्या किती उंचीवर लावायच्या, यावर माझं पोट चालतं. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात आम्ही आदिवासी दालन उभं केलं. आराखडा झाला, पेट्यांची ऑर्डर गेली, भिंतींचा रंग ठरला आणि मग कुणाला तरी आठवलं, ज्यांच्या वस्तू आहेत त्यांनाही बोलवायला हवं. लोक आले. चहा झाला, सह्या झाल्या. निघताना एक म्हातारेबुवा लाकडी मुखवट्याच्या पेटीपाशी थांबले. म्हणाले, "याला उताणा का निजवलाय? मेलाय का तो?" मुखवटा उभा करायचा तर पेटी बदलावी लागली असती, आणि पेटीचं बिल पास झालं होतं. तो अजून उताणाच आहे.

ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलंय. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांनी आणि पॅसिफिकच्या बेटांवरून इथे येऊन राहिलेल्यांनी आपला ठेवा जपताना पेन्सिल स्वतःच्या हातात कशी घेतली, हे बघायला म्हणून आठ दिवस काढले. भाचीनं त्यातल्या पाचांची रजा टाकली.

ऑकलंडचं संग्रहालय एका जुन्या ज्वालामुखीच्या टेकाडावर आहे. माओरी दालनात 'ते तोकी-आ-तापिरी' (हे 'ते' नावाचाच भाग, पुढेही भेटेल) ही २५ मीटर लांबीची युद्धनौका आहे, आणि जवळच होतुनुई. होतुनुई म्हणजे अख्खं घर, संग्रहालयाच्या छताखाली स्वतःचं छप्पर घेऊन उभं. चपला काढून आत जायचं. न्गाती आवा या इवीच्या, म्हणजे जमातीच्या, कारागिरांनी १८७८ साली लग्नाची भेट म्हणून ते कोरलं. हे नाव वहीत टिपून ठेवलं, कारण त्यांच्याच गावी आम्ही जाणार होतो.

मला मात्र दिसतं त्याहून जास्त न दिसणाऱ्या एका कामाचं कुतूहल होतं. २०१६ पासून तीन वर्षं या संग्रहालयानं पॅसिफिकच्या १३ बेटसमूहांच्या वस्तू गोदामातून बाहेर काढल्या आणि ऑकलंडमध्ये राहणाऱ्या त्या त्या बेटांच्या लोकांसमोर ठेवल्या. हे काय आहे, याला काय म्हणतात, कोण करत असे, कशी हाताळायची, तुम्ही सांगा आणि आम्ही नोंद बदलतो, असा तो कारभार. जुन्या संग्रहांतल्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्यात. गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव हुद्द्यासकट असतं, करणाऱ्या बाईचं नसतं. त्या नोंदीत खाडाखोड करायचा हक्क बाहेरच्या माणसाला देणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. इमारतीला आणखी एक दालन जोडणं त्यापुढे सोपं.

आणि त्यासाठी लोकांना समुद्र ओलांडून बोलवावं लागलं नाही. २०१८च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये कुक बेटांचे ८० हजारांहून अधिक लोक होते. खुद्द कुक बेटांवर १५ हजारांच्या आसपास. घर रिकामं आणि ओसरी भरलेली. मग परंपरा कुठली खरी, घरातली की ओसरीवरची? भाची म्हणाली, "हा प्रश्न उद्या मामांना विचार."

दिवस दुसरा

मामांची गंमत आधी सांगते. कुक बेटांकडच्या लोकांत वयस्कर बाईला आदरानं 'मामा' म्हणतात. भाचीच्या रुग्णालयातल्या सहकारी बाईनं आपल्या आत्याकडून परवानगी काढली होती, आणि दोन दिवस घरात "मामा काय म्हणाल्या, मामांना विचारलंस का" असं चाललेलं ऐकून मला उगाचच आपलं व्याकरण बिघडल्यासारखं वाटत होतं.

सकाळी ओताराच्या शनिवारच्या बाजारातून चक्कर मारली. तिथून मामांचं सभागृह जवळच होतं. तिवाएवाए शिवणाऱ्या बायका तिथे जमतात. अशा गटाला वाइनेतिनी म्हणतात.

तिवाएवाएला मराठीत गोधडी म्हटलं की अर्धं समजतं आणि अर्धं चुकतं. गोधडी ऊब देते. तिवाएवाए पांघरायचं नसतंच मुळी, ते द्यायचं असतं. लग्नात, मुलाचे केस पहिल्यांदा कापतात त्या समारंभात, आणि शेवटी माणसाबरोबर जमिनीत. १९व्या शतकात मिशनऱ्यांबरोबर सुई आणि कापड बेटांवर आलं. त्याआधी झाडाची साल कुटून तापा नावाचं कापड करत. तेव्हा 'मूळ' परंपरा म्हणावी तर सुई परकी, आणि परकी म्हणावी तर पॅसिफिकच्या बेटांबाहेर असं सहसा दिसत नाही.

चार टेबलं जोडली होती. त्यावर गडद लाल कापड, पलंगाच्या चादरीहून मोठं. ते आधी निम्मं दुमडलं, मग पुन्हा, मग तिरकं. आता तो त्रिकोण दिसत होता, आठपदरी. या प्रकाराला तिवाएवाए मानू म्हणतात. दुमडलेल्या कापडातून नक्षी एकसंध कापायची, उलगडायची आणि वेगळ्या रंगाच्या कापडावर टाचून शिवायची. कापणारी वेगळी असते, तिला ताउंगा म्हणतात, म्हणजे त्या विद्येतली जाणती. ही जाणती सत्तरीच्या पुढची, हातात कात्री एवढी मोठी की मला वाटलं झाडं कापायची असेल.

मी वाट पाहत होते की आता खडू निघेल. निघाला नाही. मामांनी कापडावर तळवा फिरवला, कडेला बसलेल्या बायकांशी काहीतरी बोलल्या, सगळ्या हसल्या, एकीनं बोटानं हवेत पान काढून दाखवलं, दुसरीनं मान हलवली. मग कात्री आत शिरली. कापताना त्या कापडाकडे कमी आणि बायकांकडे जास्त पाहत होत्या. मध्येच कुणी काहीतरी म्हणालं की वळण बदलायचं. नक्षी मामांच्या डोक्यात होती असं म्हणावं, तर ती खोलीभर पसरलेली दिसत होती.

अर्ध्या तासानं चौघींनी चार टोकं धरून कापड उलगडलं. फुलं, देठ, पानं, सगळं आठ दिशांना सारखं, आणि कुठेही तुटलेलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं काम आत्ता सुरू झालं होतं.

नंतर एकेक कोपरा एकेकीनं घेऊन टाचायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं, "जिचा टाका वाकडा येतो, तिचं काम रात्री कुणीतरी उसवून पुन्हा घालतं. तिला कोणी बोलत नाही." मला विचारलं, शिवणार का? मी चार टाके घातले. ते आत्तापर्यंत नक्कीच उसवले असतील.

तोच तो ओसरीचा प्रश्न मामांना विचारला, भाचीच्या मैत्रिणीच्या तोंडून. मामांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, बेटावर फुलं आहेत आणि इथे थंडी आहे, थंडीत बायका जास्त शिवतात. यावर सगळ्यांचं हसून झालं. मग मी माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला. एवढं महिनोन्‌महिने शिवलेलं तुम्ही माणसाबरोबर पुरता, मग जपणार काय?

"पुरलं की दुसरं शिवावं लागतं ना," मामा म्हणाल्या. "पेटीत ठेवलं असतं तर या पोरी शिकल्या असत्या का?"

मी फोटो काढण्याबद्दल विचारलं. बायकांचा काढा, शिवताना काढा, पण उलगडलेल्या नक्षीचा सरळ वरून नको. नक्षी कुणासाठी आहे ते अजून त्या घरालाही सांगितलेलं नव्हतं. मी फोन पिशवीत टाकला. निघताना मामांनी कापताना निघालेला लाल तुकडा माझ्या हातात दिला आणि बजावलं, "घरी करून बघ. फक्त घडी कुठल्या बाजूला आहे ते विसरू नकोस."

दिवस तिसरा

दिवस गाडीत. ऑकलंडहून फाकाताने सुमारे तीनशे किलोमीटर. भाची चालवत होती, मी झोपत होते.

गावाच्या नावाची कथा मात्र झोप उडवणारी. माताआतुआ नावाच्या होडीतून पूर्वज इथे पोचले. पुरुष किनाऱ्यावर उतरले आणि बायकांसकट होडी ओढीला लागून समुद्राकडे निघाली. वल्ह्याला हात लावायची बायकांना बंदी. तेव्हा वाइराका नावाच्या बाईनं, मी आता पुरुषासारखी वागते, असं म्हणून वल्हं उचललं आणि होडी परत आणली. तेच शब्द गावाचं नाव झाले. नदीच्या मुखाशी खडकावर तिचा पुतळा आहे. भाचीनं गाडी थांबवून त्याला हात केला.

दिवस चौथा

आजचं घर बघायला मी खरं तर हा सगळा प्रवास केला.

माओरी सभागृहाला फारेनुई म्हणतात, आणि ते पूर्वजाचं शरीर असतं. उपमा म्हणून नव्हे, तसंच मानतात. छपराचा मधला आडवा वासा हा पाठीचा कणा, तिरके वासे फासळ्या, दर्शनी भागातल्या उतरत्या फळ्या पसरलेले हात, शिखरावरचा मुखवटा चेहरा. आपण आत जातो म्हणजे त्या पूर्वजाच्या कुशीत जातो. भिंतीवरच्या कोरीव आकृती आणि त्यांच्यामधले विणलेले पट आतल्या बाजूला असतात, कारण ते घरच्यांसाठी आणि बोलावलेल्यांसाठी असतात.

१८६६ साली सरकारनं न्गाती आवांची जमीन जप्त केली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८७५ला, त्यांनी माताआतुआ हे घर उभं केलं. होतुनुई कोरणारे हेच लोक. विखुरलेली घराणी एका छपराखाली यावीत हा त्यामागचा विचार. घराला चार वर्षं होतायत तोवर सरकारनं ते सिडनीच्या प्रदर्शनासाठी मागितलं. वडीलधाऱ्यांनी होकार दिला.

१८७९ला सिडनीत ते पुन्हा जोडलं गेलं तेव्हा मांडणाऱ्यांनी भिंती उलट्या लावल्या. कोरीव बाजू बाहेर, उन्हापावसात. तसं उभारायला स्वस्त पडत होतं, आणि लोकांना बाहेरूनच सगळं दिसत होतं. म्हणजे पूर्वज सोलून उभा केला. तो मांडणी करणारा कोण होता मला माहीत नाही, पण तो माझ्या चांगला ओळखीचा आहे. त्याच्याकडेही बजेट असणार, उद्घाटनाची तारीख असणार. त्यालाही वाटलं असणार, एवढं सुंदर काम आत अंधारात कशाला?

मग मेलबर्न. मग लंडन, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या तळघरात चाळीसएक वर्षं. १९२४ला वेम्ब्लीच्या प्रदर्शनात पुन्हा उभं. १९२५ला डनेडिनच्या प्रदर्शनासाठी मायदेशी, पण घरी नाही. तिथून ओटागो संग्रहालयात. छत बुटकं होतं म्हणून भिंती कापून बसवल्या. मुखवट्याच्या पेटीचं बिल पास झालं होतं, तसंच काहीतरी. पुढची सत्तर वर्षं न्गाती आवा आपलं घर परत मागत राहिले. १९९६ला ते परत मिळण्याचं ठरलं आणि १७ सप्टेंबर २०११ला फाकातानेत दार उघडलं. मागितल्यापासून मिळेपर्यंत पिढ्या मोजाव्या लागल्या, आणि मिळाल्यापासून उभं राहीपर्यंत आणखी पंधरा वर्षं.

सकाळी दहा वाजता आम्ही दहाबारा जण फाटकाशी उभे राहिलो. आतून एका बाईनं हाक घातली. कारांगा म्हणतात त्याला. तो आवाज गाण्याचा नाही आणि रडण्याचाही नाही. आमच्यातल्या कुणी उत्तर द्यायचं असतं, आम्हाला ते येत नव्हतं, म्हणून त्यांच्यातलीच एक बाई आमच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि आमच्या वतीनं तिनं उत्तर दिलं. मग नाकाला नाक लावून नमस्कार. आमच्या मागच्या एका उंच गृहस्थाचा नेम चुकला आणि कपाळावर कपाळ आपटलं. त्याबद्दल दोघंही नंतर दिवसभर एकमेकांची माफी मागत होते.

आत चपला काढून, फोन पिशवीत. डोळे सरावले तशा आकृती पुढे यायला लागल्या. घर दाखवणारा मुलगा पंचविशीतला असेल. इतिहास सांगताना तो 'ते घर गेलं' म्हणत नव्हता, 'तो गेला' म्हणत होता. सिडनीची गोष्ट आली तेव्हा त्यानं आवाज चढवला नाही. भिंतीवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "याला थंडी वाजली असेल."

मी विचारलं, डागडुजीत नवं लाकूड किती आणि जुनं किती? आमच्याकडे नियम असा की नवा भाग वेगळा ओळखू आला पाहिजे, नाही तर फसवणूक. तो हसला. "आम्हाला माहीत आहे ना कुठलं कुणी केलं. आजोबांच्या दाताला पाटी लावतात का?"

नियम माझा चुकीचा नाही. तो अनोळखी माणसासाठी केलेला नियम आहे, आणि मी तिथे अनोळखी होते, एवढंच.

संध्याकाळी खाडीकाठी बसून वहीत त्या मुखवट्याचं चित्र काढलं. उभा.

दिवस पाचवा

तानेआतुआ हे फाकातानेपासून जवळचं छोटं गाव. इथे तुहोए इवीचं ते कुरा फारे आहे. जुनं नाही, मार्च २०१४ला उघडलेलं कार्यालय. वारसा बघायला आलेल्या बाईला भाची कार्यालय दाखवायला नेत होती, आणि मला ते फार आवडलं.

इंग्रज राजवट आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या १८४०च्या वाइतांगी करारावर तुहोए लोकांनी सही केली नव्हती. तरी १८६६च्या जप्तीत त्यांचीही जमीन गेली. १९५४ला त्यांच्या डोंगराळ रानाचं, ते उरेवेराचं, राष्ट्रीय उद्यान झालं. ऑक्टोबर २००७मध्ये सशस्त्र पोलिसांनी शेजारच्या रुआतोकी खोऱ्यात छापे घातले आणि नाकाबंदी केली ती जुन्या जप्तीच्या रेषेवर. म्हातारी माणसं ती रेषा विसरलेली नव्हती. २०१४ साली कायदा झाला, ते उरेवेरा राष्ट्रीय उद्यान राहिलं नाही, ते स्वतःच एक कायदेशीर व्यक्ती झालं, म्हणजे माणसासारखे स्वतःचे हक्क असलेलं. त्याच वर्षी सरकारची माफीही इथे, या गावात मागितली गेली.

अशा लोकांनी पैसा हाती आल्यावर पहिली इमारत बांधली ती कशी? लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज नावाचे जगातले अतिशय कडक नियम त्यांनी स्वतःहून घेतले. वीज आणि पाणी इमारतीनं स्वतःचं स्वतः मिळवायचं. ठरावीक घातक रसायनांची यादी असते, त्यातलं काहीही रंगात, गोंदात, तारेच्या आवरणात चालत नाही. ठेकेदाराला प्रत्येक डब्याचा कागद आणावा लागतो. मी कल्पनेनंच दमले. २०१७ला ते प्रमाणपत्र मिळालं, न्यूझीलंडमधलं पहिलं. वास्तुविशारद आयव्हन मर्सेप बाहेरचे होते. पण जमिनीला दुखवायचं नाही ही अट काही त्यांनी घातलेली नाही. ती घरातून आलेली, प्रमाणपत्र फक्त बाहेरचं.

मला पाहायच्या होत्या विटा. मातीच्या, न भाजलेल्या, पाच हजारांच्या घरात, आणि त्या इथल्या माणसांनी हातानं पाडलेल्या. आतल्या भिंतीवर मी तळवा ठेवला. थंड आणि किंचित खरबरीत. एकीची कड गोलसर, शेजारचीची धारदार. साच्यातून काढताना घाई झालेली आणि न झालेली, दोन्ही दिसतात. गवंड्याच्या ओळंब्यात भिंत सरळ आहे, पण जवळून पाहिली तर ती गर्दीसारखी आहे.

आत छोटं कॅफे आहे. काउंटरवरच्या बाईला विचारलं, तुम्ही पाडल्यात का विटा? "माझ्या भावानं पाडल्या," ती म्हणाली. "कुठल्या त्या विचारू नका. त्याच्या मते सगळ्याच त्याच्या आहेत."

"आणि सगळ्यांचं एकमत कसं झालं?"

"एकमत?" तिनं कॉफीचा कप पुढे सरकवला. "बैठकांत माझी मुलं मोठी झाली."

सहभागाच्या गोष्टी सांगताना आपण हे गाळतो. लोकांना विचारून करायचं म्हणजे ते उशिरा होणार, महाग पडणार, आणि कुणीतरी रुसून बसणार. आमच्या कामाच्या तक्त्यात 'लोकांशी चर्चा' या रकान्याला दोन आठवडे असतात, तेही छपाई उशिरा होत असेल तर कापून दीड.

ऑकलंड महापालिकेच्या डिझाइनच्या पुस्तिकेत ते आरांगा नावाची सात माओरी तत्त्वं दिलेली आहेत. भाचीनं ती मला आधीच वाचायला पाठवली होती. त्यातलं एक अही का, चूल पेटती ठेवणं. म्हणजे ज्यांची जागा आहे ते तिथे राहते, वावरते असले पाहिजेत. तेव्हा ते मला भाषणातलं वाक्य वाटलं होतं. इथे दुपारी दोन वाजता कुणी कागद सही करायला आलेलं, कुणी नातवाला घेऊन नुसतंच बसलेलं, एक मुलगा भिंतीला पाठ टेकून मोबाइल चार्ज करत होता. कोणीच भिंतीकडे बघत नव्हतं, माझ्याशिवाय.

दिवस सहावा

भाचीनं रोतोरुआला विमानात बसवलं आणि ती ऑकलंडला परतली, दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. वेलिंग्टनला पोचले तेव्हा असा वारा होता की टोपी आणि मी वेगवेगळ्या वेळी हॉटेलात शिरलो.

दिवस सातवा

ते पापा हे देशाचं संग्रहालय, १९९८ला उघडलेलं. त्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं की थोडी निराशाच झाली. पाचवी-सहावीच्या शाळांच्या सहली, धक्काबुक्की, बटणं दाबली की होणारे आवाज.

मात्र कागदावरची त्यांची व्यवस्था भक्कम आहे. माना ताओंगा असं त्यांचं सूत्र. वस्तू संग्रहालयात असली तरी तिच्याबद्दल बोलायचा अधिकार ज्यांची ती आहे त्यांच्याकडे. मुख्य अधिकाऱ्याच्या बरोबरीनं कारभारात एक माओरी प्रमुख असतो, आणि एकेक इवी ठरावीक काळासाठी येऊन आपलं प्रदर्शन स्वतः मांडते. याचं मूळ १९८४च्या 'ते माओरी' प्रदर्शनात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १७४ वस्तू गेल्या, पण आधी इवींची परवानगी घेतली गेली आणि बरोबर वडीलधारे गेले. पहाटे विधी करून दार उघडलं. सिडनीच्या त्या उलट्या भिंतींपासून इथवर यायला १०५ वर्षं लागली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका पहारेकऱ्याशी अर्धा तास बोलले. त्याला प्रदर्शनापेक्षा क्रिकेटमध्ये रस होता. दुपारीच बाहेर पडले.

दिवस आठवा

२२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात क्राइस्टचर्चमध्ये १८५ माणसं गेली आणि शहराचा मधला भाग जवळजवळ पुसला गेला. नवं शहर आखताना इथल्या न्गाई तुआहुरिरी लोकांच्या वतीनं मातापोपोरे ही संस्था आराखड्याच्या टेबलाशी बसली. जुनं शहर आखताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तूरांगा हे मोठं ग्रंथालय २०१८ला झालं. नाव पूर्वजांच्या प्रवासकथेतलं. बाहेरचा सोनेरी धातूचा पडदा हाराकेकेच्या, म्हणजे इथल्या वाखाच्या, पानासारखा घडी घातलेला. खरं सांगायचं तर अशा 'पानासारख्या' इमारतींचा मला कंटाळा आलाय. पान कुणालाही काढता येतं. जिन्यावर बसून गृहपाठ करणारी पोरं बघून मी तक्रार मागे घेतली, पूर्ण नाही.

नदीकाठच्या फरशा मात्र पोट भरून पाहिल्या. ओताकारो, म्हणजे एव्हन नदी, तिच्या काठानं दगडी फरसबंदीत १३ चटया विणल्यासारख्या बसवल्यात. न्गा फारिकी मानाकी, स्वागताच्या चटया. नक्ष्या रेइहाना पराता आणि मोरेहू फ्लूटी-हेनारे या दोघी विणकर बायकांच्या. पान विणायचं तर टाका तिरका जातो आणि फरशी चौकोनी असते. तिरकं चौकोनात बसवायचं म्हणजे एकेक दगडाचा रंग मोजायला लागला असणार. मी गुडघ्यावर बसून एका चटईची कड मोजायला लागले. दोन काळे, एक राखाडी, दोन काळे, आणि पुढे एक वळण येतं तिथे हिशेब चुकतो, मुद्दाम की काय कळेना.

वाख कापणाऱ्यांचा एक नियम आहे. मधला कोंब आणि त्याला बिलगलेली दोन पानं तोडायची नाहीत, ती मूल आणि आईबाप. बाहेरची तेवढी घ्यायची. शेजारी बाकावर बसलेल्या बाईंनी मला तो सांगितला. मी काय मोजतेय हे त्या बराच वेळ बघत होत्या. पाऊस आला तेव्हा फरशा ओल्या होऊन रंग एकदम उठले. एक लहान मुलगी फक्त काळ्या दगडांवर पाय ठेवत, बाकीचे टाळत, उड्या मारत गेली. आईनं हाक मारली तरी तिनं चटई संपेपर्यंत नियम मोडला नाही.

रात्री सामान भरताना वहीतून मामांनी दिलेला लाल तुकडा पडला. उद्या निघायचं होतं आणि झोप येत नव्हती. हॉटेलच्या खोलीत शहराचा मोठा नकाशा होता. तो निम्मा दुमडला, पुन्हा दुमडला, मग तिरका. नखं कापायची छोटी कात्री घेतली. खडू नाही, पेन्सिल नाही, मामांसारखं. एक फूल, त्याला देठ, देठाला दोन पानं. मामांच्या फुलासारखं येऊ नये म्हणून पानं मुद्दाम टोकदार केली. कात्री जरा खोल गेली, तरी मी पूर्ण केलं. मोठ्या उत्साहानं उलगडलं, तर हातात चार वेगवेगळे तुकडे आले आणि पाचवा पलंगाखाली गेला.

फोटो काढून भाचीला पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं. तिनं तो आपल्या मैत्रिणीला पाठवला होता, मैत्रिणीनं आत्याला.

"मामा म्हणतायत, घडीची बाजू कापलीस."